एक टोला

"किल्ली दे रे मकरंद," आमचे हे म्हणाले आणि त्यांनी हात पुढं केला.

मकरंदनं त्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. हिमालयातल्या औलीच्या त्या लॉजच्या दारात आम्ही तिघं उभे होतो. दुपारची जेवणं अर्धवट राहिली होती, कारण भात शिजता शिजता गॅस संपला होता. जीपचा ड्रायव्हर तापानं फणफणून आत रजईत पडलेला. समोरच्या बर्फाच्या उतारावर पुण्याची पोरं-पोरी पायाला फळ्या बांधून घसरत होती, आपटत होती, खिदळत होती. आणि आभाळ खाली खाली येत चाललेलं.

"काका, मी आणतो ना सिलेंडर जोशीमठातून," मकरंद म्हणाला. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

"तुला घाटात गाडी चालवता येते?"

"थोडीफार येते."

"थोडीफार येणाऱ्यानं घाटात जाऊ नये. माझा उभा जन्म कुंभार्लीत एस.टी. चालवण्यात गेला. आण किल्ली."

पोरगं किल्ली मुठीत धरून उभंच राहिलं. त्याच्या तोंडात काय अडकलं होतं ते मला ठाऊक होतं. आदल्या वर्षी हाच लॉज होता, हाच गॅस असाच संपला होता, आणि आमच्या लेकानं, प्रमोदनं, अशीच त्याच्याकडनं किल्ली मागून घेतली होती. म्हणाला होता, "आलोच." तो काही आला नाही.

मकरंद आणि आमचा पमू, दोघं भागीत हा उद्योग करायचे. थंडीत पोरांना बर्फात न्यायचं, घसरायला शिकवायचं, आणून पुण्यात सोडायचं. मी पमूला म्हणायचे, "अरे, घसरायला पण शिकवणी लागते का? आमच्या पाटणच्या चिखलात ये, फुकट घसरशील." तो हसायचा. हसला की त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा. तो गेला तेव्हा सव्विसाव्या वर्षात होता.

त्या दिवशी घाटात समोरून एक मिनीबस चढत होती. तिच्या ड्रायव्हरनं सांगितलं, जीप आपली आपण कडेला गेली आणि दिसेनाशी झाली. ना ठोकर, ना काही. मग सगळे म्हणायला लागले, ताबा सुटला. दिवसकार्याला आलेला आमचा एक चुलतदीर, जिभेला हाड नसलेला, पंगतीत बसून बोलला, "थंडीचा मुलूख. घेतली असेल जरा पोरानं." यांच्या हातातला घास हातातच राहिला.  त्या दिवसापासून यांच्या डोक्यात एकच भुंगा. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराचा ताबा सुटला कसा?

कारण गाडी पमूला यांनीच शिकवली होती. तेही कुंभार्ली घाटात. आमच्या पाटणकडनं चिपळूणला उतरणारा तो घाट, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दगडी कठडा. माझ्या भावाची जीप घेऊन हे त्याला सुट्टीच्या दिवशी घेऊन जायचे. मी एकदा मागं बसले होते. ह्यांचा आवाज अजून कानात आहे, "चढाला लागलेली गाडी कधी थांबवायची नाही. भरलेली गाडी चढावर थांबली की मागं येती, माणसं मरतात. आपण उतरतोय ना? मग आपण कडेला घ्यायचं. पार कठड्याला चिकटव. बोटभर राहू दे फक्त. भिऊ नको." पोरगं घामाघूम. पण बोटभरच अंतर राहिलं. हे खाली उतरले, कठडा आणि चाक यांच्यामध्ये खरंच बोट घालून बघितलं आणि माझ्याकडं बघून मिशीत हसले. त्या दिवशी मला नवरा आणि लेक दोघांचाही भारी अभिमान वाटला होता.

वर्ष व्हायला आलं तेव्हा मकरंद भेटायला आला आणि चहा पिता पिता म्हणाला, पुढच्या आठवड्यात पोरं घेऊन औलीला निघतोय. हे म्हणाले, "मी येणार."

मी म्हटलं, "तुम्ही काय फळ्या बांधून घसरणार?"

"मला तो रस्ता बघायचाय."

एवढंच असतं तर माझी ना नव्हती. पण निघायच्या आधी यांनी आपला ड्रायव्हरचा पितळी बिल्ला घासूनपुसून पुतण्याला देऊन टाकला. हातातलं घड्याळ काढून देव्हाऱ्यात ठेवलं. आणि धाकट्या दिराला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, "शालनला बघ रे नीट." मी कणगीमागनं ऐकलं.  पोराला गिळलेला रस्ता बघायला निघालेला माणूस बायकोची व्यवस्था लावून कशाला जाईल?

मग मीही निघाले. सगळ्यांनी वेड्यात काढलं. नऊवारीवर दोन स्वेटर, त्यावर मकरंदच्या आईचा कोट, डोक्याला माकडटोपी, पायात कुणाच्या तरी लेकीचे बूट. आरशात बघून माझी मलाच कीव आली. पण मी ठरवलं होतं, यांना त्या मुलखात एक क्षण एकटं सोडायचं नाही. आंघोळीला गेले तरी मी दाराशी उभी. पुण्याच्या पोरी मला हसायच्या, "काकू, काकांवर किती प्रेम!" म्हटलं, हसा बायांनो. तुमच्यावर अशी वेळ न येवो.

तर आता लॉजच्या दारात मकरंदनं नाइलाजानं किल्ली दिली. "चाकांना साखळ्या लावल्यात काका. ब्रेक जोरात मारू नका. आणि हळू जा."

"ते ठिकाण कुठलं?" यांनी विचारलं.

आल्यापासनं हे रोज विचारत होते आणि मकरंद रोज टाळत होता. येताना पहाटेचा अंधार होता, तेव्हा काही दिसलं नव्हतं. आज तो मान खाली घालून म्हणाला, "दोन देवदार आहेत. एका बुंध्यातून फुटल्यासारखे, जोडीनं. त्या वळणावर."

यांनी रिकामं सिलेंडर मागं ठेवलं, दोन्ही बाजूंनी दोरीनं करकचून बांधलं. बर्फ सारायचं फावडं टाकलं. पाने, पक्कड, जॅक सगळं एका पोत्यात भरलं आणि त्या पोत्याच्या तोंडाला सुतळीची गाठ मारून माझ्या सीटखाली सरकवलं. मला वाटेत कुठं खुळखुळ चालत नाही, असं हे नेहमी म्हणायचे. एस.टी.तसुद्धा एखादा पत्रा वाजला तर डेपोत जाऊन भांडायचे.

मी पुढच्या सीटवर चढून बसले.

"तू कुठं?"

"गॅस आणायला."

"उतर शालन. थंडी आहे."

"मग इथं काय उन्हाळा लागलाय? चला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी समोर बघितलं. गाडी सुटली.

सुरुवातीला रस्ता रुंद होता. दोन्ही बाजूंना काळपट झाडं आणि झाडांवर बर्फ. मशीननं रस्त्यातलं बर्फ सारून कडेला लावला होता. दरीच्या अंगाला त्याचा नीट बांध तयार झाला होता, कमरेएवढा उंच, वरनं सपाट. मला आपलं बघून बरं वाटलं. म्हटलं, चला, इथंही कठडा आहे. हेसुद्धा म्हणाले, "कठडा बरा केलाय." वर्षभरात यांच्या तोंडून इतकं साधं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

मग बर्फ पडायला लागलं. आधी पिठासारखं, मग कापसासारखं. वायपर कण्हत होता. साखळ्यांचा खरखर आवाज येत होता, बाकी सगळं मुकं. आमच्या घाटात पावसातसुद्धा काहीतरी वाजतं, ओढा असतो, बेडूक असतात, एखादा गुराखी ओरडतो. इथं डोंगरानं कानात बोळे घातल्यासारखं झालं होतं. मला उगाच वाटायला लागलं की मागं कुणीतरी बसलंय. दोनदा वळून बघितलं. सिलेंडर, फावडं. दुसरं काही नाही.

"काय बघतेस?"

"काही नाही."

"मलाबी वाटतंय," हे म्हणाले.

मी माकडटोपी कानांवर ओढली. 

पमू लहान असताना रविवारी यांच्याबरोबर एस.टी.त जायचा. इंजिनच्या गरम झाकणावर पोतं टाकून बसायचा. पण ड्रायव्हर व्हायचं वेड त्याला नव्हतं, त्याला कंडक्टर व्हायचं होतं. ती दोरी ओढली की टिंग वाजायचं, त्यावर तो जीव टाकायचा. एक टोला, गाडी थांब. दोन टोले, चल. घरी आला की ताट आणि चमचा घेऊन हेच. मी स्वयंपाकघरातनं परातीत पाणी घेऊन निघाले की "टिंग", मला आहे तिथं उभं राहावं लागायचं. "टिंग टिंग" झालं की पुढं. हे कामावरनं आले की उंबऱ्याबाहेर थांबायचे. घामेजलेले, भुकेले, पण थांबायचे. आतनं दोन टोले पडले की मगच पाऊल टाकायचे. मी ओरडायचे, "अहो, एवढा मोठा माणूस, पोराच्या नादाला लागता!" तर म्हणायचे, "घंटी झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, कायदा आहे." पोरगं मोठं झालं, मिसरूड फुटलं, तरी हा खेळ सुटला नव्हता. पुण्याहून आला की उंबऱ्यात बापाला थांबवायचाच.

त्याच्यामागं यांनी नोकरी सोडली. म्हणाले, घंटी ऐकवत नाही.

एका उतारावर यांनी गाडी थांबवली. पुढं रस्ता डावीकडं वळून खाली जात होता आणि दरी डाव्या हाताला येत होती. बर्फाच्या पडद्याआड काळं काहीतरी उभं होतं. मी डोळे बारीक केले. दोन शेंडे. खाली एकच बुंधा.

"शालन," हे म्हणाले, अगदी मऊ आवाजात. "तू उतर इथं. मी तेवढं वळण बघून येतो."

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा आवाज मी कधी ऐकला नव्हता.  वाटलं, झालं. हेच ते.

"मी उतरणार नाही."

"दोन मिनिटं. इथंच उभी राहा."

"मी शेवटच्या स्टॉपचं तिकीट काढलंय," मी म्हणाले.  "मधे उतरायचं असतं तर मधलं काढलं असतं."

"हट्टी आहेस."

"आहे. छत्तीस गुणांपैकी तोच एक तुम्हाला सापडला, बाकीचे कधी बघितलेच नाहीत. तुम्ही जिथं जाल तिथं मी. आता काय करायचं ते करा."

ते स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसले थोडा वेळ. मग त्यांनी गिअर टाकला.

त्यांच्या मनात त्या क्षणी काय होतं ते मी पुढंही कधी विचारलं नाही. बाईनं काही गोष्टी विचारू नयेत. पण एवढं सांगते, त्यानंतर जे झालं ते त्यांनी ठरवून केलं नव्हतं.

आम्ही वळणावर आलो आणि खालून ट्रक आला. धान्यानं भरलेला, ताडपत्री बांधलेला, पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणारा. रस्ता तिथं अरुंद. ट्रकनं हॉर्न दिला नाही, दिवा दिला नाही, त्याचा सगळा जीव चढात गुंतलेला.

"चढाची गाडी," हे म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. आणि त्यांचे हात आपोआप फिरले. डावीकडं. कठड्याला चिकटवायला. मी त्या हातांकडं बघत होते, ते हात मी कुंभार्लीत हजारदा असे फिरताना बघितले होते. मला भीतीसुद्धा वाटली नाही. बर्फाचा तो बांध सरकत सरकत माझ्या खिडकीशी आला. आता बोटभर राहील, मी मनात म्हणाले.

टिंग.

एकच टोला. आमच्या पाठीमागनं, अगदी जवळनं. स्वच्छ, पितळी.

यांचा पाय ब्रेकवर गेला. त्यांनी विचार केला नाही. ज्यानं जन्मभर त्या एका टोल्यावर गाडी थांबवली तो विचार कशाला करील? साखळ्या दगडावर घासल्यासारख्या वाजल्या, गाडी जराशी तिरकी झाली आणि थांबली. ट्रक उजव्या अंगानं डोंगराला घासत, शिव्या घालत वर निघून गेला. त्याचा धूर बर्फात विरून गेला. मग पुन्हा ते मुकंपण.

आम्ही दोघांनीही मागं बघितलं नाही.

"का थांबवलंस?" हे म्हणाले.

 माझे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते. ते मी तसेच ठेवले.

हे खाली उतरले. फावडं काढलं, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि त्या बांधाला फावड्याचं टोक लावून जरासं दाबलं. फावडं मुठीपर्यंत आत गेलं. मग सगळा बांध, माझ्या दारापासून पुढच्या चाकाच्याही पुढंपर्यंत, सावकाश खाली बसला आणि गेला. आवाज नाही. काहीच नाही. जिथं कठडा होता तिथं मला देवदारांचे शेंडे दिसायला लागले, वरनं खाली बघितल्यासारखे.

चाकाखालचा रस्ता बोटभरच उरला होता.

मी यांच्या बाजूच्या दारातनं कशीबशी बाहेर पडले. हे कडेला उभे होते. अगदी कडेला. फावडं हातात, टोपीवर बर्फ साचायला लागलेलं. खालच्या एका झाडाची साल सोलून निघाली होती, जुनी जखम, डिंक वाळून काळा झालेला.

"शालन," ते म्हणाले, "त्याचा ताबा सुटला नाही."

"मागं या."

"मिनीबस चढत होती. पमू उतरत होता. त्यानं वाट दिली गं. मी शिकवलं तसं, कठड्याला चिकटवली. बोटभर." त्यांनी बोट वर केलं आणि त्याच्याकडं बघत राहिले. "पार बोटभर अंतर राहीपर्यंत घेतली असेल पोरानं. इथं कठडाच नव्हता."

"मागं या म्हणते ना!"

"मी मारलं त्याला."

ते माझ्याकडं बघत नव्हते, खाली बघत होते. बुटाचं टोक कडेबाहेर गेलं होतं. मला धावायचं होतं, पण वाटलं, धावले तर हे दचकतील. हात लावावा तर हात पुरत नव्हता. आणि मग माझ्या अंगात काय आलं कुणास ठाऊक, मी रडायच्या ऐवजी भांडायलाच लागले. आमच्या अंगणात भांडते तशी, कमरेवर हात ठेवून.

"मग काय शिकवायचं होतं? समोरच्याच्या अंगावर घाल म्हणून शिकवायचं होतं? सांगा की! भरलेली गाडी माणसांसकट मागं गेली असती म्हणजे तुमचा जीव थंड झाला असता? त्या मिनीबसमध्ये काय दगडधोंडे होते? माणसं होती. कुणाची तरी पोरं होती. ती घरी जाऊन जेवली त्या दिवशी!"

"आणि आपलं?"

  मी म्हटलं, "आपलं गेलं. चांगलं वागून गेलं. आणि आता तुम्ही जाणार, आणि मी पाटणला जाऊन लोकांना काय सांगू? बापाचाही ताबा सुटला? तो चुलतभाऊ तुमचा पंगतीला बसलेलाच आहे, तुमच्याही नावानं घास घ्यायला. पोरानं वाट दिली हे मग कोण सांगणार? माझं कोण विश्वासानं ऐकतंय, मला सायकलसुद्धा येत नाही!"

ते वळले. माझ्याकडं बघितलं. माकडटोपी, नऊवारी, कुणाचे तरी बूट, नाकातनं पाणी. काय दिसलं असेल त्यांना देव जाणे. ते एक पाऊल मागं आले आणि मी त्यांची बाही धरली. अशी धरली की शिवण उसवली.

गाडीत बसलो. त्यांनी इंजिन चालू केलं, आस्ते मागं घेतली, रस्त्याच्या मधे आणली. आणि तिथंच बसून राहिले. पाय ब्रेकवर, हात स्टिअरिंगवर, नजर समोर. काचेवर बर्फ साचत चाललं.

"चला," मी म्हणाले.

"हलत नाही माझ्या हातनं."

"प्रयत्न करा."

"नाही गं. पाय उचलत नाही." त्यांच्या डोळ्यांतनं पाणी गालावर येत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. "मला इथंच राहू दे, शालन. तो इथंच आहे."

खोटं कशाला बोलू? मलाही तसंच वाटत होतं. मागच्या सीटवर बसलाय, डावा डोळा बारीक करून. मलाही वाटलं, बसू इथंच, तिघं. बर्फ पडतंय, पडू दे. थंडी कमी झाल्यासारखी वाटायला लागली होती. गुंगी येत होती.

पण थांबवलं होतं त्यानं. थांबवलेली गाडी पुढं सोडावी लागते.

मी वाकले. सीटखालनं पोतं ओढलं. सुतळीची गाठ गारठून लाकडासारखी झाली होती, बोटांनी सुटेना. दातांनी सोडवली. पोत्यात हात घालून पाना काढला, सगळ्यात मोठा. मागं वळले आणि सिलेंडरवर मारला.

टिंग टिंग.

यांच्या छातीतनं एक हुंदका आला, असा की गाडी हलली. आणि त्याचबरोबर पाय सुटला, हात गिअरवर गेला आणि गाडी चालायला लागली. घंटी झाली होती. कायदा आहे.

खाली जोशीमठात आम्ही सिलेंडर घेतलं, चहा प्यालो आणि वर परत आलो. त्या वळणावर आता आम्ही चढाची गाडी होतो. समोरनं आलेल्या जीपनं वळणाच्या वरच, रुंद जागी थांबून आम्हाला वाट दिली. यांनी हात वर केला, जसा घाटात दुसऱ्या एस.टी.वाल्याला करायचे तसा. लॉजपाशी मकरंद रस्त्यावरच उभा होता, डोक्यावर बर्फाचा थर घेऊन. आम्हाला बघून तो मटकन खालीच बसला आणि रडायला लागला. मी म्हटलं, "ऊठ बाबा, भात लाव."

पाटणला आल्यावर हे पहिल्यांदा त्या चुलतभावाकडं गेले. त्याच्या ओसरीवर बसून, सगळ्यांच्या देखत, एकच वाक्य बोलले, "माझ्या पोरानं चढाच्या गाडीला वाट दिली." आणि उठून आले. पुढं कितीतरी वर्षं नव्या ड्रायव्हर पोरांना चहा पाजून सांगायचे, घाटात वाट द्या, पण आधी खाली उतरून पाय रोवून बघा, कठडा खरा आहे का खोटा.

त्या एका टोल्याबद्दल मात्र आम्ही कधी बोललो नाही. मला वाटायचं, त्यांना वाटतंय तो मी दिला, तर वाटू दे. पोत्याची गाठ मी दातांनी सोडवली होती हे त्यांना कशाला सांगा? आधीच हळवा झालेला माणूस. त्या वळणाकडं पुन्हा धावत जायचा. सिलेंडर करकचून बांधलेलं, फावडं लाकडी दांड्याचं, पोतं माझ्या सीटखाली. रात्री झोप लागली नाही की मी हे सगळं मनात पुन्हा मांडायचे. आणि अंधारात छताकडं बघत पडून राहायचे. शेजारी हे झोपलेले.

परवाच्या पौषात हे अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी पेज भरवत होते. एकदम म्हणाले, "शालन, तिथं दोन टोले तू दिलेस."

"हो. मीच दिले."

"एक तू नाही दिलास."

मी चमचा पेजेत ठेवून दिला.

"पोतं मी बांधलं होतं," ते म्हणाले. "गाठ माझी होती. तू पुढं ती दातानं सोडवलीस, मी बघत होतो की. मग आधी पाना कुठनं आणशील तू?"

"इतकी वर्षं माहीत होतं आणि बोलला नाहीत?"

"तू तरी कुठं बोललीस?" ते हसले. "म्हटलं, बाई भिईल. रात्री-अपरात्री उठून त्या वळणाकडं जायला निघेल."

मी पदर तोंडाला लावला. हसू येत होतं का रडू, मला कळत नव्हतं.

पुढं थोड्याच दिवसांत एका सकाळी त्यांचा श्वास अडकायला लागला. डॉक्टर येऊन गेले, मान हलवून गेले. घरात माणसं जमली. जीव काही सुटेना, डोळे उंबऱ्याकडं लागलेले. कुणी गंगाजल घातलं, कुणी तुळस ठेवली. जाऊबाई म्हणाली, कशात तरी अडकलाय जीव.

मला ठाऊक होतं कशात. उंबऱ्यात थांबले होते. घंटी झाल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत.

मी स्वयंपाकघरात गेले, पमूचं ते जुनं ताट आणि चमचा घेऊन आले. बायका माझ्याकडं बघत राहिल्या. मी यांच्या उशाशी बसले आणि दोन टोले दिले.